अ‍ॅम्ब्युलन्समध्ये पेशंटजवळ बसणारा माणूस नक्की कोण असतो? हिमायतनगरच्या पोरापोरींना ईएमटी व्हायचं असेल तर हे आधी माहिती पाहिजे

हिमायतनगर ते नांदेड हे अंतर रस्त्याने ऐंशी-नव्वद किलोमीटर. भोकरमार्गे जायचं. बरं, नांदेड आलं म्हणजे प्रवास संपला असंही नाही. जिल्ह्याचं मोठं सरकारी हॉस्पिटल, म्हणजे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, शहराबाहेर विष्णुपुरीला आहे. गाडी चांगली असली, रस्त्याचं काम कुठे सुरू नसलं, तरी दीड-दोन तास धरून चालायचे.

आता समजा, सरसम किंवा कामारीच्या बाजूला एका घरात रात्री जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्या माणसाला मण्यार चावली.

मण्यार चावल्याचं बऱ्याचदा कळतही नाही. दुखत नाही, सूज नाही. दोन-तीन तासांनी पोटात दुखतं, उलटी होते, घरचे म्हणतात अ‍ॅसिडिटी झाली असेल. मग पापण्या जड होतात, डोळे उघडत नाहीत, जीभ जड होते. आणि त्यानंतर श्वास घेणारे स्नायूच काम करेनासे होतात. माणूस आतून शुद्धीत असू शकतो, सगळं ऐकत असतो, फक्त छाती हलत नाही.

या माणसाला नांदेडला न्यायचंय. मोठ्यात मोठी, वेगात वेगाची गाडी मिळाली तरी दीड तास श्वासाशिवाय कुणी जगत नाही. चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा व्हायला सुरुवात होते. मात्र त्या गाडीत त्याच्या डोक्याशी बसून, तोंडावर मास्क घट्ट धरून, दर पाच-सहा सेकंदांनी अंबू बॅग दाबणारा माणूस असेल तर तो विष्णुपुरीपर्यंत जिवंत पोचू शकतो. अंबू बॅग म्हणजे रबराचा एक फुगा. किंमत फार नाही, वीज लागत नाही. लागतो तो फक्त ती नीट दाबता येणारा हात.

हा हात तयार करण्याचं जे शिक्षण आहे, त्याला म्हणतात ईएमटीचं ट्रेनिंग. इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन.

सर्पदंशाचं उदाहरण उगाच घेतलेलं नाही. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात साप चावून साधारण १२ लाख लोक गेले, असा अंदाज संशोधकांनी मांडलाय. आणि याच नांदेड जिल्ह्यातल्या मुखेडचे डॉ. दिलीप पुंडे हे सर्पदंशाच्या उपचारांसाठीच ओळखले जातात. म्हणजे माहितगार डॉक्टर जिल्ह्यात आहेत, सापाच्या विषावरची लस सरकारी दवाखान्यात असते. घोडं अडतं ते गाव आणि दवाखान्याच्या मधल्या रस्त्यावर.

ही भानगड सुरू कुठून झाली?

आज गंमत वाटेल, पण साठ वर्षांपूर्वी अमेरिकेतही अ‍ॅम्ब्युलन्स म्हणजे नुसती गाडीच होती. पेशंटला पोलिसांच्या गाडीत टाकायचं आणि दामटायचं. कित्येक गावांत तर हे काम अंत्यसंस्कार करणाऱ्या कंपन्यांकडे होतं. आडवं झोपवून नेता येईल अशी लांब गाडी त्यांच्याकडेच असायची ना! पेशंट वाचला काय आणि नाही वाचला काय, गाडी तीच.

१९६६ साली अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसने एक अहवाल काढला आणि सांगितलं, की अपघातातले कितीतरी मृत्यू हे जखमेपेक्षा वाटेतल्या हलगर्जीपणामुळे होतायत. तिथून चक्रं फिरली.

पण या इतिहासातला सगळ्यात भारी भाग आहे पिट्सबर्ग शहरातला. तिथे हिल डिस्ट्रिक्ट नावाची कृष्णवर्णीयांची गरीब वस्ती होती. पोलिसांची गाडी तिथे वेळेवर यायची नाही. त्याच शहरात पीटर साफर नावाचे डॉक्टर होते, मूळचे व्हिएन्नाचे, सीपीआरच्या जनकांपैकी एक. १९६६ मध्ये त्यांची स्वतःची मुलगी दम्याच्या अटॅकने गेली. साफर यांनी ठरवलं, की हॉस्पिटलच्या बाहेरच उपचार सुरू झाले पाहिजेत.

त्यांनी माणसं कुठून घेतली? त्याच वस्तीतून. बेकार पोरं, काहींचं शाळेचं शिक्षणही पूर्ण नाही, काहीजण व्हिएतनामच्या लढाईतून परतलेले. १९६७ साली सुरू झालेल्या या सेवेचं नाव होतं फ्रीडम हाऊस अ‍ॅम्ब्युलन्स. या पोरांना जवळपास ३०० तासांचं ट्रेनिंग दिलं गेलं. शरीररचना, श्वासनलिका मोकळी ठेवणं, सीपीआर, ऑपरेशन थिएटरमध्ये उभं राहून शिकणं. ज्यांना ‘कामाला लावण्याच्या लायकीचे नाहीत’ असं शहर म्हणत होतं, ती पोरं अख्ख्या देशासाठी नमुना ठरली. पुढे डॉ. नॅन्सी कॅरोलाइन त्यांच्या मेडिकल डायरेक्टर झाल्या आणि पॅरामेडिकचा देशभरासाठीचा अभ्यासक्रम लिहिण्याचं कामही त्यांच्याकडेच आलं.

शेवट मात्र गोड नाही. १९७५ मध्ये पिट्सबर्ग महापालिकेने स्वतःची सेवा सुरू केली आणि फ्रीडम हाऊस बंद पडलं. त्यातल्या बऱ्याच जणांना नव्या सेवेत टिकूही दिलं गेलं नाही.

तरी एक गोष्ट तिथे पक्की झाली. हे काम करायला डॉक्टरच पाहिजे असं नाही. धड शिकवलेला साधा माणूस ते करू शकतो.

मग आपल्याकडे?

भारतात १०८ हा नंबर पहिल्यांदा वाजला हैदराबादला, १५ ऑगस्ट २००५ रोजी. ईएमआरआय नावाची संस्था, सत्यमच्या रामलिंग राजूंनी उभी केलेली. २००९ मध्ये सत्यमचा घोटाळा बाहेर आल्यावर जीव्हीके समूहाने ती हातात घेतली. या मॉडेलमध्ये गाडीत दोन माणसं असतात. एक ड्रायव्हर, ज्याला ‘पायलट’ म्हणतात, आणि एक ईएमटी. गाडीत डॉक्टर नसतो. डॉक्टर असतो कंट्रोल रूममध्ये, फोनवर. ईएमटी पेशंटची स्थिती सांगतो, डॉक्टर पुढे काय करायचं ते सांगतो.

त्याच काळात मुंबईत १२९८ ही खासगी अ‍ॅम्ब्युलन्स सेवा सुरू झाली होती. पण अख्ख्या महाराष्ट्राला १०८ मिळायला २०१४ उजाडलं. २६ जानेवारी २०१४ ला महाराष्ट्र आपत्कालीन वैद्यकीय सेवा सुरू झाली. एकूण ९३७ गाड्या, त्यातल्या २३३ अ‍ॅडव्हान्स लाइफ सपोर्ट आणि ७०४ बेसिक लाइफ सपोर्ट. सोप्या भाषेत, पहिल्या प्रकारात व्हेंटिलेटर, डिफिब्रिलेटर असतो. दुसऱ्यात ऑक्सिजन, सक्शन, स्ट्रेचर, फ्रॅक्चर बांधायचं सामान आणि प्राथमिक औषधं. चालवायचं काम बीव्हीजी कंपनीकडे आणि कंट्रोल रूम पुण्यात औंधला.

आता इथे एक ट्विस्ट आहे, आणि हिमायतनगरच्या पोरांना नेमका हाच कुणी सांगत नाही.

महाराष्ट्राने हैदराबादचं मॉडेल जसंच्या तसं उचललं नाही. महाराष्ट्राच्या १०८ मध्ये पायलटसोबत डॉक्टर बसतो. बहुतेक ठिकाणी बीएएमएस, बीएचएमएस, बीयूएमएस झालेला. त्याच्या पदाचं नाव इमर्जन्सी मेडिकल सर्व्हिस ऑफिसर. आपल्या राज्यात आयुर्वेद आणि होमिओपॅथीची कॉलेजं भरपूर, डॉक्टर उपलब्ध, म्हणून हे जमलं. ‘गाडीत डॉक्टर आहे’ हे सांगायलाही चांगलं वाटतं. पण आयुर्वेदाची पदवी घेतलेला डॉक्टर अंबू बॅगही आपोआप शिकून येतो असं नाही. त्यालाही आपत्कालीन सेवेचं वेगळं ट्रेनिंग द्यावंच लागतं. पुण्याच्या सिम्बायोसिसमध्ये डॉक्टरांसाठी आपत्कालीन वैद्यकीय सेवेचा पदव्युत्तर डिप्लोमा चालतो, तो याचसाठी.

म्हणजे काय झालं बघा. भोकरहून पूर्वेला निघालं की थोड्याच वेळात तेलंगणातलं भैंसा लागतं. किनवटहून पुढे गेलं की आदिलाबाद. तिकडच्या १०८ मध्ये ईएमटीची नोकरी आहे. इकडच्या १०८ मध्ये त्या खुर्चीवर डॉक्टर आहे. नदी-नाले तेच, साप तेच, सीमेवरच्या गावात भाषाही अर्धी-अर्धी. फक्त गाडीतला माणूस बदलतो.

ट्रेनिंगमध्ये शिकवतात काय?

पहिला धडा ऐकून नवीन पोरं हसतात. पहिला धडा असतो, पेशंटकडे पळत जाऊ नका.

आधी उभं राहायचं आणि बघायचं. विजेची तार पडलीय का? डिझेल सांडलंय का? रस्त्यावर मागून ट्रक येतोय का? विहिरीत गॅस असेल का? शेतातल्या विहिरीत एकाला वाचवायला दुसरा उतरतो, दुसऱ्याला वाचवायला तिसरा, आणि तिघंही जातात, अशा बातम्या मराठवाड्यात दर उन्हाळ्यात येतात. मेलेला ईएमटी कुणालाच वाचवू शकत नाही, हे डोक्यात पहिल्या दिवसापासून भरवलं जातं. हातमोजे घालणंही याच धड्यात येतं.

मग येतो ठरलेला क्रम. श्वासाचा मार्ग मोकळा आहे का, श्वास चालू आहे का, नाडी लागते का, रक्त कुठे वाहतंय. हा क्रम इतका घोटून घेतात, की रात्री तीनला झोपेतून उठवलं तरी तो आला पाहिजे. कारण अपघाताच्या जागी मोडलेला, वाकडा झालेला पाय सगळ्यांत आधी डोळ्यात भरतो. माणूस मरतो मात्र मागे पडलेल्या जिभेने, घशात साचलेल्या रक्ताने. आणि जो सगळ्यात जोरात ओरडतोय त्याचा श्वास निदान चालू आहे. गप्प पडलेल्याकडे आधी जायचं.

सीपीआर हा त्यातला सगळ्यात मेहनतीचा भाग. मिनिटाला १०० ते १२० वेळा, छातीच्या मधोमध, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाब द्यायचा. तीस दाब, दोन श्वास. टीव्ही सीरियलमध्ये हिरो दोन-चार हलके धक्के देतो आणि हिरोईन डोळे उघडते, तसलं काही नसतं. दोन मिनिटांत शिकणाऱ्याला घाम फुटतो. म्हणूनच दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा असतो. बरगडी मोडल्याचा आवाज आला तरी थांबायचं नसतं, हेही तिथेच शिकवतात. पुतळ्यावर तासन्‌तास हे करून घेतात. ज्या क्लासमध्ये पुतळा एक आणि पोरं साठ, तिथे काय शिक्षण होत असेल हे ज्याने त्याने ओळखावं.

अपघाताचा पेशंट उचलणं हे वेगळंच शास्त्र. २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांवर माणसं गेली. आपल्याकडे अपघात झाला की चार लोक धावतात, एकजण हाताला धरतो, एकजण पायाला, आणि पेशंटला पोत्यासारखं उचलून जीपमध्ये टाकतात. मन चांगलं असतं, त्याबद्दल वाद नाही. पण मानेचं किंवा कण्याचं हाड मोडलेलं असेल तर त्या उचलण्यात आतली नस दुखावते आणि माणूस जन्माचा अधू होतो. ईएमटीला मानेला कॉलर लावणं, डोकं-मान-धड एका रेषेत ठेवून तीन-चार जणांनी एकाच वेळी पेशंटला कुशीवर वळवणं, बोर्डवर घेणं हे शिकवतात. इशारा देणारा एकच, तो डोक्याशी बसलेला. बाकीच्यांनी त्याच्या ‘तीन’ वर हलायचं.

रक्त वाहत असेल तर सरळ जखमेवर दाब. दाबून धरायचं आणि सारखं उचलून बघायचं नाही. हळद, कॉफी पावडर, चुना काहीही टाकायचं नाही. साप चावला असेल तर कापायचं नाही, चोखायचं नाही, दोरीने आवळून बांधायचं नाही. हातपाय फळीने स्थिर करायचा, पेशंटला चालू द्यायचं नाही आणि श्वासावर डोळा ठेवायचा. नागोबाच्या देवळाकडे गाडी वळवायला सांगणारे नातेवाईकही असतात. त्यांच्याशी न भांडता गाडी दवाखान्याकडेच कशी न्यायची, हे पुस्तकात सापडत नाही. ते जुन्या माणसासोबत गाडीत बसूनच शिकायचं.

आणि बाळंतपण. हिमायतनगरसारख्या तालुक्यात हा भाग अजिबात हलक्यात घेता येत नाही. पैनगंगेकाठच्या काही गावांचा रस्ता पुरात बंद पडतो, कळा सुरू होऊन गाडी उशिरा पोचते, आणि मग बाळ रस्त्यातच येतं. बाळ येताना ओढायचं नाही, नुसता आधार द्यायचा. आल्यावर कोरड्या कापडाने पुसायचं, आईच्या छातीवर उघडं ठेवून वरून झाकायचं. नाही रडलं तर पहिल्या मिनिटातच श्वास द्यायला घ्यायचं, छोटा मास्क, छोटी बॅग, हलके दाब. आईचं रक्त जास्त जात असेल तर पोटावरून गर्भाशयाला मालिश करायची. गाडीतलं एसी बंद करायचं, हे सांगायची गरज वाटत नाही, पण घाईत तेच राहतं. थंड पडलेलं बाळ फार लवकर बिघडतं.

३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या दरम्यान नांदेडच्या याच सरकारी हॉस्पिटलमध्ये २४ तासांत २४ रुग्ण दगावले, त्यात १२ नवजात बाळं होती. देशभर बातम्या झाल्या. औषधं, मनुष्यबळ, बजेट यावरून भरपूर वाद झाले आणि ते व्हायलाच हवे होते. लांबलांबून, शेवटच्या क्षणी, अत्यवस्थ स्थितीत पेशंट येतात हाही मुद्दा प्रशासनाने तेव्हा मांडला होता. तो जबाबदारी झटकायला पुरत नाही. पण लांबून येणारा पेशंट वाटेत कुणाच्या हातात असतो, हा प्रश्न त्यातून उरतोच.

शेवटचा महत्त्वाचा भाग म्हणजे गर्दीचा अपघात. हिमायतनगरच्या परमेश्वराची महाशिवरात्रीची यात्रा, माहूरगडाची यात्रा, नांदेडला हजूर साहिबचा हल्लाबोल. अशा गर्दीत काही झालं तर एकाच वेळी पंचवीस-तीस जखमी असू शकतात आणि गाडी असते एक. तेव्हा रंग वापरतात. लगेच उपचार नाही केले तर जाईल तो लाल, थोडा थांबू शकेल तो पिवळा, चालू शकतो तो हिरवा, आणि ज्याच्यात काही उरलं नाही तो काळा. एका माणसासाठी अर्ध्या मिनिटाच्या आसपास वेळ. काळी पट्टी बांधून पुढे सरकणं हे ट्रेनिंगमधलं सगळ्यात जड काम असतं.

ईएमटीने काय करायचं नाही, हेही ठरलेलं असतं. तो डॉक्टर नाही. रोगाचं नाव ठरवणं, मनाने इंजेक्शन देणं त्याच्या कामात बसत नाही. त्याला लेखी नियमावली असते, तिच्या बाहेर जायचं तर फोनवरच्या डॉक्टरला विचारायचं. आणि दवाखान्यात पोचल्यावर अर्ध्या मिनिटात सांगता आलं पाहिजे, काय झालं, किती वाजता झालं, काय आढळलं, वाटेत काय केलं. हे चार मुद्दे नीट सांगितले तर तिथल्या डॉक्टरांचा पहिला मोलाचा वेळ वाचतो.

मग शिकायचं कुठे?

इथेच खरा घोळ आहे.

एक रस्ता डिग्रीचा. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिक यांचा बीपीएमटी म्हणजे बॅचलर ऑफ पॅरामेडिकल टेक्नॉलॉजी हा कोर्स आहे. तीन वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप. डायलिसिस, ऑपरेशन थिएटर, भूल, लॅब अशा बऱ्याच शाखा त्यात आहेत, त्यातलीच एक इमर्जन्सी मेडिसिनची. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी हवी. सगळ्या कॉलेजांत सगळ्या शाखा नसतात, त्यामुळे कॉलेजचं माहितीपत्रक बघून न थांबता विद्यापीठाच्या यादीत त्या कॉलेजसमोर तीच शाखा लिहिलीय का, ते बघायचं.

दुसरा रस्ता कौशल्य विकासाचा. हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलने ईएमटी बेसिक आणि ईएमटी अ‍ॅडव्हान्स्ड अशी कामं ठरवून दिली आहेत, त्यांचे अभ्यासक्रम आणि परीक्षा आहेत. प्रधानमंत्री कौशल विकास योजनेत यातलं काही फुकट शिकवलं गेलंय. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर, जून २०२१ मध्ये केंद्राने एक लाख ‘कोविड योद्धे’ तयार करायचा क्रॅश कोर्स काढला होता, त्यातल्या सहा कामांपैकी एक इमर्जन्सी केअरचं होतं. हा रस्ता स्वस्त आणि लवकर संपणारा. पण याने मिळते ती सुरुवात.

कारण २०२१ साली एक कायदा आलाय. नॅशनल कमिशन फॉर अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स अ‍ॅक्ट. तोवर देशात पॅरामेडिकल कोर्स म्हणजे कुणाचा कुणाला ताळमेळ नव्हता. या कायद्याने इमर्जन्सी मेडिकल टेक्नॉलॉजिस्ट हा व्यवसाय म्हणून यादीत घेतला. पण अलाइड हेल्थ प्रोफेशनल म्हणवून घ्यायचं तर किमान २००० तासांचं, दोन ते चार वर्षांत विभागलेलं शिक्षण पाहिजे, असंही लिहून ठेवलं. वरच्या दर्जासाठी ३६०० तास. म्हणजे तीन-सहा महिन्यांचा कोर्स करून काम मिळू शकतं, पण कायद्यातली ही अट त्याने पूर्ण होत नाही. पुढची दहा-वीस वर्षं याच क्षेत्रात काढायची असतील तर हा फरक आजच समजून घेतलेला बरा.

तिसरा प्रकार म्हणजे एक-दोन दिवसांचे बीएलएस, एसीएलएसचे कोर्स. अमेरिकन हार्ट असोसिएशनचं कार्ड मिळतं, ते दोन वर्षं चालतं. कोर्स उत्तम आहेत, पण ते करून कुणी ईएमटी होत नाही. नोकरीच्या अर्जाला जोडायला मात्र चांगलं.

आणि चौथा प्रकार गल्लीतला. ‘दहावी पास? नापास? पॅरामेडिकलमध्ये १०० टक्के नोकरी!’ असे बोर्ड तालुक्याच्या बसस्टँडजवळ कुणी पाहिले नाहीत? सोयाबीन विकून आलेले पैसे बाप इथे भरतो, वर्षाने हातात एक चकचकीत कागद येतो आणि हॉस्पिटलच्या एचआरमध्ये तो बघून परत दिला जातो. त्यामुळे फी भरायच्या आधी तोंडावर विचारायचं. सर्टिफिकेट कोण देणार, विद्यापीठ, कौन्सिल की तुम्हीच? कोणत्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत किती तास ड्युटी लावणार, त्याचं पत्र दाखवा. अ‍ॅम्ब्युलन्समध्ये प्रत्यक्ष किती दिवस बसवणार? मागच्या बॅचची पोरं आज कुठे आहेत, दोघांचे नंबर द्या. उत्तर द्यायला जो चिडतो, तिथून उठायचं.

आणि नोकरी?

महाराष्ट्राच्या १०८ मध्ये डॉक्टर बसतो हे वर आलंच. मग ईएमटीला काम कुठे? खासगी हॉस्पिटलच्या कार्डियाक अ‍ॅम्ब्युलन्सवर, कॅज्युअल्टीत, मोठ्या कारखान्यांच्या आरोग्य केंद्रात, विमानतळावर, मॅरेथॉन आणि सभांच्या स्टँडबाय गाडीवर. म्हणजे बहुतेक करून नांदेड, हैदराबाद, पुणे, मुंबई. तेलंगणात १०८ चा पर्याय आहे, पण तिथे तेलुगू समजणं लागतं. सीमेवरच्या पोरांना हा फायदा आहे आणि तो बरेच जण मोजतच नाहीत. आखाती देशांत जायचं स्वप्न असेल तर डिग्री, अनुभव आणि तिथल्या लायसन्सची परीक्षा, तिन्ही लागतं.

२०२४ मध्ये राज्य सरकारने १०८ चा पुढचा करार केला, त्यात गाड्यांची संख्या १,७५६ पर्यंत नेण्याचं ठरलं. गाड्या वाढल्या की माणसंही वाढवावी लागतात. दरवेळी त्या खुर्चीवर डॉक्टरच बसवायचा, की नीट शिकलेला ईएमटी बसवून डॉक्टर फोनवर ठेवायचा, हा निर्णय धोरणाचा आहे. देशातली बरीच राज्यं दुसऱ्या पद्धतीने काम चालवतात. हिमायतनगर, किनवट, माहूर अशा तालुक्यांत डॉक्टर टिकत नाहीत ही ओरड जुनी आहे. तिथे स्थानिक पोरगी किंवा पोरगा शिकवून बसवला तर तो निदान बदलीसाठी अर्ज करणार नाही. पिट्सबर्गमध्ये हेच चाललं होतं.

काम अंगावर येणारं आहे. बारा-बारा तासांची ड्युटी, सणासुदीला रजा नाही, पगार सुरुवातीला बेताचा. अरुंद जिन्यावरून ऐंशी किलोचा माणूस खाली आणायचा. कमरेची दुखणी या धंद्यात ठरलेली, म्हणून उचलायची पद्धत वेगळी शिकवतात. गाडी उशिरा आली म्हणून नातेवाईक अंगावर येतात. आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ला करणं हा महाराष्ट्रात २०१० च्या कायद्याने गुन्हा आहे आणि त्यात डॉक्टरांसोबत पॅरामेडिकल कर्मचारीही येतात, हे नवीन माणसाला माहिती असलेलं बरं. लहान मूल हातात गेलं तर दुसऱ्या दिवशी ड्युटीवर जाणं सोपं नसतं. चांगल्या सेवांमध्ये त्यानंतर टीमला बसवून बोलतं करतात, बाकी ठिकाणी चहा पाजतात.

पोरींनी यात यावं का, असा प्रश्न घरोघरी विचारला जातो. बाळंतपणाच्या केसमध्ये गाडीत बाई असेल तर पेशंट मोकळेपणाने बोलते, एवढं उत्तर पुरेसं आहे. रात्रीच्या ड्युटीला येण्याजाण्याची सोय कंपनी करते का, हे मात्र आधी विचारून घ्यावं.

ज्यांना कोर्स वगैरे करायचा नाही, त्यांच्यासाठी एक छोटी माहिती. अपघातग्रस्ताला दवाखान्यात पोचवलं म्हणून पोलीस तुम्हाला अडकवू शकत नाहीत. मोटार वाहन कायद्यातलं १३४ अ हे कलम २०१९ पासून मदत करणाऱ्याला संरक्षण देतं. नाव सांगायची सक्ती नाही, साक्षीदार व्हायची सक्ती नाही. अपघातातल्या गंभीर जखमीला पहिल्या तासात, म्हणजे गोल्डन अवरमध्ये दवाखान्यात पोचवणाऱ्याला केंद्राच्या राहवीर योजनेतून मिळणारं बक्षीस २०२५ मध्ये पाच हजारांवरून २५ हजार करण्यात आलंय. १०८ ला फोन केल्यावर आधी गाव आणि जवळची ठळक खूण सांगायची, मग काय झालं ते, आणि समोरच्याने ठेवेपर्यंत फोन ठेवायचा नाही. एकजण रस्त्यावर टॉर्च घेऊन उभा राहिला तर रात्रीची पाच-दहा मिनिटं वाचतात.

आणि ज्यांना करायचाय, त्यांनी फी भरायच्या आधी दोन गोष्टी करून बघाव्यात. एक, जवळच्या शहरात एखादं एक दिवसाचं बीएलएस ट्रेनिंग. पुतळ्यावर दोन मिनिटं सलग दाब देऊन झाले, की हे जमेल का याचा अंदाज येतो. दुसरी तपासणी फुकटातली. गाडीच्या मागच्या भागात, चालत्या दिशेला आडवं बसून, मान खाली घालून भोकरपर्यंत जाऊन बघायचं. गाडी लागणाऱ्या माणसाला अ‍ॅम्ब्युलन्समध्ये पहिले काही महिने फार वाईट जातात.